मास्तरांच्या सात फिल्मा आणि ५१२ केबीचं मशीन

हे प्रकरण इंग्लंडमधल्या एका लहान गावातलं आहे. मी तिथून जवळच राहतो. जुने घरगुती संगणक दुरुस्त करून चालते ठेवणाऱ्या मंडळींत माझी ऊठबस असते, त्यामुळे यात मी सुरुवातीपासून होतो. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं, शाळेचं आणि कोणाचंही नाव दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

एक निवृत्त भूगोलशिक्षक. त्यांचे विद्यार्थी त्यांना अजून ‘सर’ म्हणतात, माझ्या तोंडी मात्र ‘मास्तर’च येतं. १९९० ते १९९२ या काळात दुपारच्या सुट्टीत दहा-बारा मुलांना घेऊन त्यांनी कमोडोर ॲमिगा ५०० या घरगुती संगणकावर सात छोटी ॲनिमेशनं केली. पाण्याचा प्रवास, ज्वालामुखी, नदीचं खोरं, भरती-ओहोटी असे चार धड्यांचे विषय आणि मुलांच्या स्वतःच्या तीन गोष्टी. सगळं काम डीलक्स पेंट ३ वर झालं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम १९८९ मध्ये आला आणि त्यात पहिल्यांदाच फ्रेमवर फ्रेम रचून हलतं चित्र करायची सोय झाली. एका मुलाने ढग काढायचा, दुसरीने पाऊस, तिसऱ्याने सगळ्या फ्रेम तपासायच्या. मास्तर त्याला ‘फिल्म’ म्हणायचे, आम्हीही तेच म्हणतो.

मशीनची कुवत आधी सांगायला हवी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच ठरले. १९८७ साली बाजारात आलेल्या ॲमिगा ५०० मध्ये सात मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा मोटोरोला ६८००० प्रोसेसर, ५१२ केबी मेमरी आणि ८८० केबीची फ्लॉपी असे. युरोपातल्या मशीनवर ३२० बाय २५६ ठिपक्यांचं, ३२ रंगांचं एक चित्र ५० केबी जागा घेतं. अशी शंभर चित्रं अख्खी साठवायची तर पाच हजार केबी लागतील. म्हणून ॲनिम प्रकारच्या फाइलमध्ये पहिली फ्रेम पूर्ण असते आणि पुढच्या प्रत्येक फ्रेमचा फक्त फरक लिहिलेला असतो. हा फरक उभ्या पट्ट्यांनी नोंदवायची जी पद्धत सर्वांत जास्त रुळली, ती जिम केंट यांची. याच माणसाने २००० साली मानवी जनुकसंचाचे तुकडे जुळवणारा प्रोग्रॅम लिहिला. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

फिल्म दुसऱ्याला दाखवायची तर त्याच्याकडे डीलक्स पेंट असायलाच हवा असं नव्हतं. फाइल वाचून फक्त पडद्यावर चालवणारे छोटे प्लेअर प्रोग्रॅम तेव्हा मिळत. फ्लॉपीवर प्लेअर आणि फिल्म एकत्र टाकायची, मशीन चालू करताना ती घालायची, की फिल्म आपोआप सुरू. घरी केलेली ॲनिमेशनं त्या काळी हातोहात, टपालाने अशीच फिरत. फ्रेड फिश यांनी जमवलेल्या मोफत प्रोग्रॅमच्या हजारावर डिस्क जगभर पोचल्या त्या याच वाटेने.

अडचण

जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. त्यातल्या पाच जणांकडे ॲमिगा अजून होते आणि त्यांना या फिल्मा आपापल्या मशीनवर, खऱ्या फ्लॉपीवरून चालवायच्या होत्या. मास्तरांच्या कपाटात अकरा फ्लॉप्या निघाल्या. मला निरोप आला, ‘कॉपी करून देशील का?’

मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. मग मी पाचही जणांना त्यांच्या मशीनची माहिती विचारली.

एकाकडे ॲमिगा १२००, दोन एमबी मेमरीचा. दुसऱ्याकडे किकस्टार्ट २.०५ चा ॲमिगा ६००. दोघांकडे किकस्टार्ट १.३ चे ॲमिगा ५००. पाचवी कॅनडात. तिचा ॲमिगा ५०० तिथल्या टीव्हीच्या पद्धतीचा, सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवणारा.

किकस्टार्ट म्हणजे ॲमिगाच्या चिपमध्ये बसवलेली मूळ प्रणाली. एका आवृत्तीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आधीच्या आवृत्तीवर चालेलच असं नाही. त्यात १.३ वाल्या दोघांपैकी एकाचं मशीन आता फक्त ५१२ केबीचं राहिलं होतं. पूर्वी त्याच्या पोटाखालच्या कप्प्यात आणखी ५१२ केबीचं कार्ड होतं. या कार्डांवर घड्याळासाठी एक लहान बॅटरी असते. ती वर्षानुवर्षं तशीच राहिली की पाझरते आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. त्याचं कार्ड असंच गेलं होतं.

‘पाण्याचा प्रवास’ ही मास्तरांची सर्वांत लाडकी फिल्म. ९६ फ्रेम, ४१२ केबी. चालवताना प्लेअरला दोन पडदे लागतात, एक दिसणारा आणि एक मागे तयार होणारा. त्यांचे १०० केबी. म्हणजे ४१२ आणि १०० मिळून ५१२. मशीनच्या स्वतःच्या कामकाजासाठी एक बाइटही उरत नाही.

पर्याय

सर्वांत सोपा पर्याय व्हिडिओचा होता. इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकात ॲमिगाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, फिल्म चालवायची, पडदा रेकॉर्ड करायचा, फाइल सगळ्यांना पाठवायची. ते मी पहिल्याच आठवड्यात करून पाहिलं, पण फिल्मच्या फाइलमधून फ्रेम काढून जोडण्याच्या झटपट पद्धतीने. ‘नदीचं खोरं’ उघडलं आणि नदीचं पाणी थिजलेलं. ती फिल्म नव्हतीच. ते एकच चित्र होतं, जेमतेम वीस केबीचं. निळ्याच्या सहा छटा ओळीने लावलेल्या आणि मशीन त्या छटा आपसांत फिरवत राहतं, त्यामुळे पाणी वाहतं असं वाटतं. चित्राचा एक ठिपकाही जागचा हलत नाही, फक्त रंग आपसांत फिरतात. फ्रेममागे फ्रेम शोधणाऱ्या माझ्या साधनाला तिथे एकच फ्रेम दिसली आणि नदी थांबली. पडदा रेकॉर्ड करून पाणी पुन्हा वाहतं करता आलं असतं, आणि पुढे आम्ही तेही केलं. पण विद्यार्थ्यांना हवी होती ती स्वतःच्या मशीनमध्ये घालायची फ्लॉपी.

दुसरा पर्याय म्हणजे जुन्या फ्लॉप्यांच्या जशाच्या तशा प्रती. तो का सोडला ते पुढे येईल.

तिसरा, फिल्म मेमरीत न घेता फ्लॉपीवरून वाचत वाचत चालवायची. यासाठी कागदावर हिशेब केला. ४१२ केबी भागिले ९६, म्हणजे एका फ्रेमला सरासरी ४.३ केबी. सेकंदाला साडेबारा फ्रेम म्हणजे जवळपास ५४ केबी. ॲमिगाची फ्लॉपी सेकंदाला पाच फेऱ्या मारते आणि एका फेरीत ११ सेक्टर, ५१२ बाइटचे, म्हणजे साडेपाच केबी वाचते. सगळं सुरळीत झालं तरी सेकंदाला २८ केबीच्या वर जाता येत नाही. तिथेच तो पर्याय मिटला.

चौथा, ३२ रंगांचे १६ करायचे. पडदेही लहान होतात, फाइलही. मी पाच-सहा फ्रेम तशा करून मास्तरांना दाखवल्या. त्यांनी संध्याकाळच्या आकाशावर बोट ठेवलं. ‘हे रंग एका मुलीने तीन दिवस बसून निवडलेत.’ ती मुलगी म्हणजे आता कॅनडात असलेली बाई. पुढे चर्चा झाली नाही.

पाचवा, फिल्मचे दोन भाग करायचे. आणि सहावा, ५१२ केबीवाल्याला नवं मेमरी कार्ड घ्यायला सांगायचं. अशी कार्डं अजून नव्याने तयार होतात. पण तो म्हणाला, ‘तेव्हा माझ्याकडे एवढंच मशीन होतं, आणि फिल्म त्यावर चालत होती.’ त्याचं म्हणणं खरं होतं का, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तो आठवडाभर उशिरा पडला.

काय केलं

आधी अकराही फ्लॉप्यांची लेखनबंदीची खिडकी उघडी केली, म्हणजे चुकूनही त्यांच्यावर काही लिहिलं जाणार नाही. दोन फ्लॉप्यांच्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते, त्या बाजूला ठेवल्या. उरलेल्या नऊ ग्रीझवीझल या छोट्या बोर्डाला साधा पीसीचा ड्राइव्ह जोडून वाचल्या. पीसीचा नेहमीचा फ्लॉपी कंट्रोलर ॲमिगाची डिस्क वाचू शकत नाही, कारण ट्रॅकवरची मांडणीच वेगळी असते. हा बोर्ड चकतीवरचे चुंबकीय बदल कच्चे उचलतो आणि अर्थ नंतर लावतो. दर दोन फ्लॉप्यांनंतर ड्राइव्हचं डोकं अल्कोहोलने पुसलं. बुरशीच्या दोन शेवटी घेतल्या. त्यांतली एक पूर्ण वाचली गेली, दुसरीचे चार ट्रॅक गेले ते गेलेच. नशिबाने तिच्यावरची फिल्म दुसऱ्या एका फ्लॉपीवरही होती.

वाचलेल्या फ्लॉप्यांच्या या प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकेक फाइल, तपासताना तीन फ्लॉप्यांच्या बूट ब्लॉकमध्ये एससीए व्हायरस सापडला. १९८७ चा, ॲमिगावरच्या अगदी सुरुवातीच्या व्हायरसांपैकी एक. डिस्कच्या पहिल्या दोन सेक्टरांत तो बसतो, साध्या रीसेटनंतरही मेमरीत टिकतो आणि लेखनबंदी नसलेली डिस्क बूट झाली की तिच्यावर उतरतो. शाळेत डिस्का हातोहात फिरायच्या, त्यातून तो आला असणार. जशाच्या तशा प्रती काढून वाटल्या असत्या तर पाच घरांत मी स्वतः व्हायरस पोचवला असता. म्हणून ठरवलं की जुन्या डिस्कची नक्कल करायची नाही. फक्त फिल्मच्या फाइली उचलायच्या, नवी रिकामी डिस्क करायची आणि तिच्यावर इन्स्टॉल आज्ञेने स्वच्छ बूट ब्लॉक लिहायचा. सगळ्या प्रकरणातला हा मला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो, आणि तो हाताला लागला तो तपासणीमुळे. आधी सुचला नव्हता.

मग प्लेअर. डीलक्स पेंटसोबत आलेला प्लेअर मास्तरांकडे होता, पण तो वाटण्याच्या अटींचा कागद उरला नव्हता. म्हणून मी असा प्लेअर घेतला, ज्याच्या सोबतच्या मजकुरात मोफत वाटायला स्पष्ट परवानगी दिलेली आहे. माझ्या ॲमिगा १२०० वर डिस्क तयार केली. स्टार्टअप-सीक्वेन्समध्ये, म्हणजे सुरू होताना मशीन वाचतं त्या आज्ञांच्या यादीत, प्लेअरची एक ओळ लिहिली, बूट केलं, फिल्म चालली. तशाच दोन डिस्का टपालाने पाठवल्या.

दोन्ही चालल्या नाहीत. ॲमिगा ५०० वर हातात डिस्क धरलेलं चित्र तसंच राहिलं, डिस्क बूटच झाली नाही. कारण मी ती फास्ट फाइल सिस्टीमने, डिस्कवर फाइली मांडायच्या नव्या पद्धतीने, फॉरमॅट केली होती. तिच्यात ८७८ केबी बसतात, जुन्या पद्धतीत ८३७. त्या ४१ केबीच्या मोहापायी मी विसरलो की अशी फ्लॉपी किकस्टार्ट १.३ वर बूट होत नाही. ॲमिगा ६०० वर डिस्क बूट झाली, पण प्लेअरने एक लायब्ररी फाइल मागितली. ती माझ्या हार्ड डिस्कवर होती, फ्लॉपीवर नव्हती. माझ्या मशीनने ती मुकाट्याने हार्ड डिस्कवरून उचलली होती, म्हणून मला पत्ताच लागला नाही.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. इम्युलेटरमध्ये किकस्टार्ट १.३, ५१२ केबी, एक ड्राइव्ह, हार्ड डिस्क नाही, असं सर्वांत गरीब मशीन मांडलं आणि प्रत्येक डिस्क आधी त्यावर चालवली. त्यावर चाललं की इतरांकडे. प्लेअरही बदलावा लागला, कारण पहिला किकस्टार्ट २ च्या खाली चालतच नव्हता. नवीन प्लेअर जुना, १.३ च्या काळातला. स्टार्टअप-सीक्वेन्समध्ये दुसरी कुठलीही आज्ञा ठेवली नाही, म्हणजे आणखी फाइली लागत नाहीत आणि मेमरीही वाचते.

आता उरला ४१२ केबीचा प्रश्न. मास्तरांकडे गेलो आणि विचारलं की तेव्हा हे ५१२ केबीवर कसं चालत होतं? ते म्हणाले, ‘चालत नव्हतं. शाळेच्या मशीनला कार्ड होतं. घरी ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं, त्यांना मी अर्धी फिल्म द्यायचो.’

म्हणजे भाग करायचा पर्याय तेव्हाही निवडलेला होता. मग कुठे कापायची ते मी विचारलं. मला फाइलच्या आकाराने बरोबर मध्ये, ४८ व्या फ्रेमवर कापायची होती. मास्तरांनी फिल्म चालवली आणि ५३ व्या फ्रेमला हात वर केला. वाफ वर गेलेली, ढग अजून जमायचा आहे. वर्गात ते इथेच थांबायचे आणि मुलांना विचारायचे, आता हे पाणी कुठे गेलं? तिथेच कापली. भाग करताना दुसऱ्या भागाची पहिली फ्रेम पुन्हा पूर्ण लिहावी लागते, त्यामुळे एकूण आकार थोडा वाढला. पण मोठा भागही अडीचशे केबीच्या आत बसला. पहिला भाग संपून दुसरा फ्लॉपीवरून मेमरीत येईपर्यंत पंधरा-वीस सेकंद जातात. तेवढा वेळ वर्गात उत्तर यायलाही लागायचाच.

एक बारीक दोष मात्र दोन दिवस छळत राहिला. पहिल्या भागाच्या शेवटी पाऊण क्षण समुद्र चमकून जायचा. ॲनिम फाइलमध्ये फरक लगतच्या फ्रेमशी नसतो, दोन फ्रेम मागच्या चित्राशी असतो, कारण पडदे दोन असतात आणि आळीपाळीने वापरले जातात. म्हणून पुन्हा पुन्हा चालणाऱ्या फिल्मच्या शेवटी पहिल्या दोन फ्रेमकडे परत नेणारे फरक जोडलेले असतात. आमचा प्लेअर एकदाच चालवायला सांगितलं तरी ते वाचत होता. मग प्रत्येक भागाच्या शेवटच्या चित्राच्या तीन प्रती मागे जोडल्या आणि किती फ्रेमवर थांबायचं ते प्लेअरला आकड्याने सांगितलं. चमक गेली.

निकाल

तीन फ्लॉप्या तयार झाल्या. पहिलीवर ‘पाण्याचा प्रवास’, दोन भागांत. दुसरीवर मुलांच्या दोन गोष्टी, ‘भरती-ओहोटी’ आणि ‘नदीचं खोरं’. नदीसाठी रंग फिरवू शकणारा जुना चित्रदर्शक प्रोग्रॅम वेगळा ठेवला. तिसरीवर ‘ज्वालामुखी’. ही फिल्म १४० फ्रेमची, ६४० केबीची, आणि तिच्यात मास्तर कुठेच थांबत नसत. ती कापली नाही. लेबलवर लिहिलं, ‘१ एमबी लागेल’.

मेळाव्यात शाळेच्या हॉलमध्ये कमोडोरचे १०८४ मॉडेलचे मॉनिटर मांडले होते. ५१२ केबीवाल्याने स्वतःचं मशीन आणलं, फ्लॉपी घातली. ड्राइव्हचा खरखराट सुरू झाला तसं हॉलमधलं बोलणं थांबलं. पहिला भाग संपला, पडदा काळा झाला आणि मास्तरांनी सवयीने विचारलं, पाणी कुठे गेलं? पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी हात वर केले.

कॅनडातल्या बाईंकडे मी तीच डिस्क पाठवली होती. तिथल्या पडद्यावर २५६ ऐवजी २०० ओळी दिसतात, म्हणजे खालचा समुद्र बराचसा कापला जातो. शिवाय वेग सेकंदाला साडेबारा फ्रेमचा पंधरा होतो. वेग प्लेअरच्या आकड्याने सुधारला. समुद्राचं काही केलं नाही. चित्र दाबून २०० ओळींत बसवता आलं असतं, पण त्यात सूर्य चपटा होतो. बाईंना दोन्ही नमुने दाखवले, त्यांनी गोल सूर्य ठेवायला सांगितला.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत गरीब मशीनपासून सुरुवात करीन. मी माझ्याकडच्या चांगल्या मशीनवर डिस्क केली आणि मग ती खाली उतरवत गेलो. त्यात दोन डिस्का, टपाल आणि दोन माणसांचा हिरमोड झाला. पाच जणांना मशीनची माहिती विचारली हे बरोबर केलं, पण त्या माहितीवरून पहिली चाचणी कुठे घ्यायची ते ठरवलं नाही.

मास्तरांना पहिल्याच दिवशी विचारीन की तेव्हा तुम्ही फिल्म कशी वाटत होता. ज्याने हे काम एकदा केलं आहे तो समोर बसलेला असताना मी घरी बसून हिशेब करत होतो. आपल्या भारतात १९८० च्या दशकात सरकारी ‘क्लास’ या संगणकशिक्षणाच्या प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे संगणक आले. ते हाताळलेले शिक्षक आज सत्तरीच्या पुढे असतील. त्यांच्या कपाटातल्या डिस्का कोणी वाचायला घेतल्या, तर आधी त्यांच्याशी बोलायला बसावं.

परवानगीचं काम मी फार उशिरा हातात घेतलं. फिल्मांच्या शेवटी मुलांची नावं आहेत, एका गोष्टीत तर वर्गमित्राचा चेहरा ओळखू येईल असा काढलेला आहे. डिस्का तयार झाल्यावर आम्ही एकेकाला विचारलं. बहुतेकांनी आनंदाने होकार दिला. एका मुलाचं मधल्या काळात निधन झालेलं, त्याच्या आईने पत्र लिहून कळवलं की त्याचं नाव राहू द्या. मात्र एकाने नकार दिला. त्या वयात काढलेलं ते चित्र त्याला आता कोणी पाहायला नको होतं. त्याने कारण सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ती सातवी फिल्म दुसऱ्या फ्लॉपीवरून काढली, डिस्क पुन्हा बांधली, पुन्हा तपासली. मूळ फ्लॉपी, तिची प्रतिमा आणि त्याचं नकाराचं पत्र एकाच पाकिटात घालून मास्तरांनी कपाटात ठेवलं.